गेलेल्या माणसांची वही: गावात कशी सुरू करायची, कशी चालवायची

साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत त्यानं महाराजांचा जीव वाचवला, असं सांगतात. पहिल्यांदा बघितली तेव्हा कौतुक वाटलं आणि लगेच दुसरं काहीतरी आठवलं. आमच्या गावात जन्मभर विहिरी खोदणारा एक माणूस होता. त्याची खूण कुठली? विहिरी आहेत. पण त्या कुणी खोदल्या हे सांगणारी चार माणसं उरली होती, आता तीन आहेत.

मी पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या गावात सून म्हणून आले. २०१९ च्या ऑगस्टात पाणी घरात शिरलं. ते ओसरल्यावर प्रत्येक दारात चिखलानं माखलेल्या तसबिरी सुकायला ठेवलेल्या दिसल्या. कुणाची कुठली हे ओळखायला म्हाताऱ्यांना बोलवावं लागत होतं. वहीची कल्पना तिथली. आज तिच्यात दीडशेच्या आसपास नोंदी आहेत. आजूबाजूच्या गावांतली पोरं-पोरी विचारायला येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. तुम्ही गावचे असा, नोकरीनिमित्त आलेले शिक्षक असा की माझ्यासारख्या लग्न करून आलेल्या, रीत तीच.

आधी माणसं, मग कागद

बहुतेक जण सुरुवात ग्रामपंचायतीच्या दप्तरातून करतात. तसं करू नका. दप्तर पुढच्या वर्षीही असेल. ऐंशीच्या पुढची माणसं आधी मोजा, एका कागदावर लिहा आणि सगळ्यात थकलेल्या माणसाकडे पहिल्यांदा जा. आपल्या भावकीतल्या म्हाताऱ्याकडे मात्र तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाला. पहिली नोंद स्वतःच्या आज्ज्याची झाली की गाव लगेच म्हणतं, "हां, ह्यांच्या घराण्याचं चाललंय." मी पहिली नोंद मुद्दाम त्या विहीर खोदणाऱ्याची केली. त्यावर एक जण म्हणाला, "त्याचं काय लिवतीस? त्यानं काय केलं न्हाई." ज्या विहिरीवर त्याचा ऊस उभा आहे तिच्याच कठड्यावर बसून म्हणाला.

वही म्हणजे साधं लांब रजिस्टर, पुठ्ठ्याचं, कापडी पाठीचं. एका माणसाला समोरासमोरची दोन पानं द्यायची. डावीकडे नाव, गाव, तारखा. उजवीकडे लोकांनी सांगितलेलं. अर्धं पान कोरं राहिलं तर राहू द्या, आठवणी सहा महिन्यांनी येतात. जेल पेन वापरू नका, पाणी लागलं की शाई पसरते. बॉलपेन बरा. शेवटच्या पानांवर सूची करायची ती आडनावानं नको, कारण निम्म्या गावाचं आडनाव एकच असतं. आळी, वस्ती, मळा यांप्रमाणे करा.

नाव लिहिणं हेच निम्मं काम

गावात एका माणसाला तीन-चार नावं असतात: कागदावरचं, हाक मारायचं, पाठीमागे घ्यायचं, आणि नात्याचं. तात्या, आबा, नाना अशी नावं तर दर घरात एक. कागदावरचं नाव विचारलं की सख्खा पुतण्याही डोकं खाजवतो. सगळी लिहा. टोपणनाव चेष्टेचं असेल तर घरच्यांना विचारून.

बायकांच्या बाबतीत हे काम दुप्पट आहे. लग्नात नाव बदलायची चाल आपल्याकडे होती, अजून आहे. मग माहेरी एक नाव, सासरी दुसरं, आणि उरलेलं आयुष्य "अमक्याची आई". माझ्या चुलत सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचं माहेरचं नाव त्यांच्या मुलांना माहीत नव्हतं. ते सापडलं मांडणीतल्या एका पितळी घागरीवर. आहेरात आलेल्या भांड्यांवर नाव, गाव आणि पुष्कळदा तारीखही कोरलेली असते. म्हणून घरात गेलात की भांडी बघायला मागा. लोक हसतात, पण काढून देतात. घागरी, परात, तांब्या, डबे. आमच्या वहीतल्या निदान वीस बायकांच्या लग्नाचं साल भांड्यांनी दिलं आहे.

तसंच देवळातली घंटा, पायऱ्या, बाकडी, पंखे, एसटीची शेड यांवर "स्मरणार्थ" म्हणून नावं असतात. एक फेरी मारून सगळी उतरवून घ्या. देवळामागे शेंदूर फासलेली वीरगळ असेल तर तिचा फोटो घ्या. वाई तालुक्यातल्या किकलीत अशा वीरगळांची रांगच आहे. लढाई कोरली आहे, स्वर्गात जाणारा वीर कोरला आहे, आणि तो कोण हे कुणालाच सांगता येत नाही. नाव न लिहिल्यानं काय होतं हे नव्या पोरांना समजावायला मी त्यांना आमच्या देवळामागची वीरगळ दाखवते. ज्याला घराण्याची वंशावळ हवी असेल त्यानं हेळव्यांची वाट बघावी. आपल्या भागात ते अजून येतात आणि त्यांच्या वह्यांत पिढ्यांची नावं निघतात. पण तिथेही वंश चालतो तो बहुतेक पुरुषांच्या नावानं.

साल कसं काढायचं

"साल काय ठावं नाही बाई" हे उत्तर तुम्हाला रोज मिळेल. तेव्हा साल विचारूच नका. खूण विचारा. भूकंप झाला तेव्हा तुमच्या कडेवर कोण होतं? कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला, आणि सातारा-सांगलीत त्या पहाटे आपण कुठे होतो हे त्या वयाची माणसं सहसा विसरलेली नाहीत. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कुठं होता? मिलो, म्हणजे बाहेरून आलेली लाल ज्वारी, कुठं मिळायची? त्याआधीच्यासाठी प्रतिसरकारची वर्षं, म्हणजे १९४३ ते १९४६. गांधीवधानंतरचं जळीत, १९४८. आणि फार जुनं असेल तर मानमोडी, म्हणजे १९१८ ची साथ. त्या साथीत आज्जा गेला असं नातवानं सांगितलं की निदान एक टोक हाती लागतं. अलीकडच्यासाठी २००५ आणि २०१९ चे महापूर, आणि कोरोना.

मरणाची तिथी घरात हमखास ठाऊक असते, कारण वर्षश्राद्ध घालायचं असतं. "भाद्रपद वद्य पंचमीला" एवढं कळलं आणि साल कळलं तर जुन्या पंचांगातून तारीख निघते. शके दिलं असेल तर ७८ मिळवा. तारीख जानेवारी ते गुढीपाडवा या काळातली असेल तर ७९. शके १८९४ चा श्रावण म्हणजे १९७२. अंदाज असेल तिथे "अंदाजे" लिहा, लाजू नका.

जन्मतारखेवर फार विसंबू नका. शाळेच्या जनरल रजिस्टरात निम्मं गाव १ जूनला जन्मलेलं सापडेल. मास्तरांनी शाळेत घेताना वय बसवायचं म्हणून घातलेली ती तारीख, आणि पुढे पेन्शनपासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत तीच चालते.

आता कागद

जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्यानुसारचं रजिस्टर ग्रामपंचायतीत असतं. ते हातात मिळत नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (कालपरवापर्यंतचा ग्रामसेवक) काय करताय ते सांगून त्यांच्यासमोर बसून नावं उतरवून घ्यायची परवानगी मागा. इथे नवखे हटकून फसतात. मृत्यूची नोंद माणूस राहायचा तिथे होत नाही, जिथे जीव गेला तिथे होते. आपल्याकडे शेवटच्या आजारात माणूस मिरजेला, सांगलीला नाहीतर कराडला नेतात. तिथे गेला तर नोंदही तिथल्याच दप्तरात. म्हणून गावच्या रजिस्टरात नाव नाही याचा अर्थ काहीच नाही.

गेलेल्या खातेदाराचं नाव तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वारस नोंदीत सापडतं. गाव नमुना ६-क. त्यात मृत्यूची तारीख आणि वारसांची नावं असतात. फेरफारातही असतं. त्याहून जुनं हवं असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षातलं कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही. ते बहुधा मोडीत असतं. मोडी वाचणारा शोधावा लागेल, आणि आता पानामागे पैसे घेऊन वाचणारेही भेटतात.

कुठल्या कचेरीत जायचं हे ठरवायच्या आधी गावाची जुनी हकिकत विचारा. सांगली जिल्हा १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून झाला, त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. त्याआधी यातली बरीच गावं साताऱ्यात. पलूस तालुकाही अलीकडचा. शिवाय गाव खालसातलं, म्हणजे थेट इंग्रजांच्या अमलातलं, होतं की संस्थानातलं? कुंडल आणि आटपाडी औंध संस्थानात होती. मिरज, सांगली, जत, फलटण ही वेगळी संस्थानं. शेजारशेजारच्या दोन गावांचे १९४८ आधीचे कागद दोन निराळ्या ठिकाणी असू शकतात. मी हे न विचारता एका कचेरीत दोन हेलपाटे घातले. तिसऱ्या वेळी शिपायानंच सांगितलं की तुमचं गाव आमच्याकडं कधी नव्हतंच.

कागदाची एक खोड लक्षात ठेवा. कागद जमिनीची आठवण ठेवतो. सातबारा ज्याच्या नावावर, त्याच्या मरणाची तारीख तीन ठिकाणी मिळेल. सालगडी, सुईण, भांगलणीला जन्म काढलेली बाई, मेंढरांमागे गेलेला धनगर, यांची एका ठिकाणीही मिळेल असं नाही. म्हणून कागदातून जमा झालेली नावं आणि तोंडी जमा झालेली नावं शेजारी ठेवून बघा. कुठली वस्ती रिकामी राहिली ते लगेच दिसतं. तिकडे आधी जा.

बाहेर मेलेलेही विसरू नका. पाटण-जावळीचे गिरणगावात आणि माथाडीत गेले, खानापूर-आटपाडीचे गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा, धंदा घेऊन देशभर गेले. त्यांची माती तिकडेच झाली असेल. गावच्या जत्रेला त्यांची मुलं येतात, तेव्हा वही घेऊन उभे राहा.

विचारायचं काय

"कसे होते हो ते?" असं विचारलंत की उत्तर ठरलेलं: "लई देवमाणूस." गेलेल्या माणसाला आपल्याकडे कुणी वाईट म्हणत नाही आणि त्यामुळे तो माणूसच राहत नाही. प्रश्न हाताचा विचारा, स्वभावाचा नको. मोटंला बैल कुठले होते? खिल्लारी? कुठल्या बाजारातून आणले? पैरा, म्हणजे बैलांची देवघेव, कुणाशी होता? इर्जिकीला, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायच्या शेतकामाला, जेवायला काय असायचं? हळद शिजवायला कुणाला बोलवायचे? उसाची लागण करताना कांडी डोळा वर धरून की बाजूला? द्राक्षाची पहिली छाटणी कुणाकडं बघून शिकला? रागावला की काय बोलायचा? कुठल्या झाडाखाली भाकरी सोडायचा? शेवटचं म्हातारपणी कुठं जाऊन बसायचा?

बायकांना चुलीपाशी, बांधावर विचारा, चार पुरुषांत बसवून नको. पहिलं बाळंतपण कुणी केलं, हा एकच प्रश्न विचारून गावातल्या सगळ्या सुइणी मिळतात. क्रांतिकारकांच्या गावात "भूमिगतांना भाकरी कुठल्या घरातनं जायच्या?" असं विचारा. क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव सगळ्यांना पाठ आहे. शेणोलीची गाडी ७ जून १९४३ ला लुटली हेही पाढ्यासारखं सांगतात. रात्री अकराला दोन शेर ज्वारीच्या भाकरी थापणाऱ्या बाईचं नाव मात्र तिच्या नातसुनेलाच ठाऊक असतं. तसंच दुष्काळी कामाचं. रोजगार हमीचे जनक म्हणून वि. स. पागे ओळखले जातात, ते तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, पुस्तकात आहेत. पाझर तलावावर पाटी वाहणाऱ्यांची नावं तुम्ही लिहिलीत तरच राहतील. मुकादम कोण होता हे विचारा, त्यावरून अख्खी टोळी निघते.

आमच्याकडे एक गोष्ट मी विसरले होते. कुणी गेलं की परगावच्या पाहुण्यांना मयताचा सांगावा पोचवायचं काम पूर्वी महार समाजाकडे होतं. गावकीचं काम. रात्री-अपरात्री, ओढ्याला पाणी असलं तरी. साऱ्या गावाच्या मरणाची बातमी ज्यांनी पायी नेली त्यांच्यातल्या एकाचंही नाव पहिल्या वर्षी माझ्या वहीत नव्हतं. बौद्ध वस्तीतल्या एका आजोबांनी ती चाळली आणि एवढंच म्हणाले, "लिहायचं तर ते काम आम्ही कधी सोडलं, तेही लिहा." लिहिलं.

नोंद लिहिताना

दोन माणसांकडून वेगवेगळं ऐकल्याशिवाय उजवं पान भरू नका. दोन गोष्टी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहा आणि कुणी सांगितलं ते लिहा. आमच्या विहिरीच्या बाबतीत तीन घरं म्हणतात की शेवटचे बारा हात आमच्यांनी खोदले. तिन्ही नावं आहेत. भांडण विहिरीवरून आहे, वहीवरून नाही, हे बरं.

नमुन्याला आमची एक नोंद देते, नाव काढून:

"गुळव्या. जन्म अंदाजे १९३०. मृत्यू २००६, श्रावणात. जमीन नाही. वीस-बावीस वर्षांचा असल्यापासून गुऱ्हाळावर. काहिलीतला पाक पाण्यात टाकून गोळी करायचा आणि ती काहिलीच्या काठावर आपटून आवाज ऐकायचा, मगच काहील उतरवायला सांगायचा. आठ-दहा गावांतून बोलावणं यायचं. स्वतः गूळ खात नसे. विचारलं की म्हणे, वासानंच पोट भरतं. हंगाम संपला की चार महिने बायकोबरोबर भांगलणीला, बायकांच्या पातीत एकटा पुरुष, त्याची लाज नव्हती. गावातलं शेवटचं गुऱ्हाळ बंद झालं तेव्हा उपड्या काहिलीवर दुपारभर बसून होता. सांगणारे: धाकटा भाऊ, गुऱ्हाळ मालकाचा मुलगा, चुलवाणात जळण सारणाऱ्याची बायको."

एवढंच. "मनमिळाऊ", "कष्टाळू", "दुःखद निधन" हे शब्द फ्लेक्सवाल्यासाठी सोडा.

काय लिहायचं नाही

बांध, वाटणी, गहाण, उसनवारी. यातलं काहीही नाही. माझ्या एका नोंदीत "ओढ्याकडचा तुकडा हे कसत" असं साधं वाक्य होतं. त्या पानाचा फोटो कुणीतरी वाटणीच्या दाव्यात वकिलाला नेऊन दाखवला. दोन महिने मला दोन्ही घरांत पाणीसुद्धा विचारलं नाही. आता शेताचं नाव लिहिते, कुणाचं ते लिहीत नाही.

आत्महत्या, जळून गेलेली सून, व्यसन, पळून जाणं. हे प्रसंग प्रत्येक गावात आहेत. कसा गेला हे घरच्यांनी स्वतःहून सांगितलं आणि लिहायला हरकत नाही म्हणाले तरच लिहा. नाहीतर कसा जगला ते लिहा आणि मृत्यूचं फक्त साल टाका. पण नोंदच गाळू नका. सुनेच्या बाबतीत सासर आणि माहेर दोन्हीकडे जा. सासर गप्प असेल तर माहेर बोलतं.

दुखवट्यात जाऊ नका. रक्षा सावडून झाली, दहावा-तेरावा, चाळिसावा, जलदान, ज्या घरात जे असेल ते होऊन गेलं की महिनाभर थांबा. नंतर मात्र उशीर नको. पहिल्या वर्षश्राद्धापर्यंत लोक बोलायला आतुर असतात, पुढे कामाला लागतात.

फोटो आणि आवाज

याचं थोडक्यात. फोटो घरातून न्यायचा नाही, तिथेच दारात, सावलीत, फ्लॅश न लावता मोबाइलनं काढायचा. काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका, काचेसकट जरा तिरका धरून काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगाल तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर बारीक होऊन येतो. बोलणं रेकॉर्ड करताना आधी विचारा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. माझी एका आजोबांची पाऊण तासाची बैठक ऐन रंगात असताना कर्जवाल्या कंपनीच्या फोननं मोडली. फायलीला लगेच नाव आणि तारीख द्या. "न्यू रेकॉर्डिंग ३७" मधून पुढच्या वर्षी तुम्हाला काही सापडणार नाही.

ठेवायची कुठं, वाचायची कधी

वहीच्या दोन झेरॉक्स प्रती करा. एक शाळेत, एक गावातल्या अशा घरात जिथे २०१९ ला पाणी लागलं नाही. कृष्णा-वारणेकाठच्यांनी हे हसण्यावारी नेऊ नये. तिसरी प्रत गावाबाहेर राहणाऱ्या एखाद्या लेकीकडे पेन ड्राइव्हवर. मूळ वही एकाच माणसाच्या ताब्यात फार वर्षं ठेवू नका. माझी मुदत तीन वर्षांची होती, मी पाच वर्षं धरून बसले, ती चूक.

वाचन हवंच. कपाटात पडलेल्या वहीत कुणी भर घालत नाही. पहिल्या वर्षी आम्ही सर्वपित्री अमावास्येला देवळात वाचली. तो दिवस योग्य वाटला होता, पण मुसलमान घरं आली नाहीत, जैन घरं आली नाहीत, बौद्ध वस्ती आली नाही. आणि त्यांचं चुकलं असं म्हणता येईना. आता २६ जानेवारीला ध्वजवंदन झालं की शाळेच्या व्हरांड्यात वाचतो. नवीन नोंदी तेवढ्या, फार तर पंधरा, अर्धा तास. वाचायला सातवी-आठवीची पोरं. आजीचं माहेरचं नाव नातवंडानं मोठ्यानं वाचलं की मागच्या रांगेतून कुणीतरी हमखास म्हणतं, "नाव चुकलं हो, तिचं नाव तसं न्हवतं." तेव्हा बॉलपेन हातात असू द्या.